नकार सावकाश पाठवावा

"होकार आला की लगेच कळव. नकार मात्र चार दिवस मुरू दे," असं काकूंनी मला सांगितलं, तेव्हा मी लॅपटॉपमधून मान वर काढून त्यांच्याकडे बघितलं. क्षणभर वाटलं, बाई लोणच्याबद्दल बोलतायत.

काकू म्हणजे दादरच्या एका वधूवर सूचक केंद्राच्या मालकीणबाई. अख्खी गल्ली त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही म्हणते. फुलबाजाराच्या पाठीमागे, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं केंद्र. बाहेरच्या खोलीत काकूंचं टेबल आणि लोखंडी कपाटं. आतल्या खोलीत एक गोल टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकी. त्या खिडकीपाशी बसून आजवर कोण जाणे किती जणांनी एकमेकांना 'तुम्हाला काय काय आवडतं' हे विचारलंय. खालून दिवसभर शेवंतीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास वर येतो. तिथं नुसतं बसलं तरी कुणाच्या तरी लग्नाला लवकर येऊन बसल्यासारखं वाटतं.

मी तिथं लग्नासाठी गेले नव्हते. निदान पहिल्यांदा तरी नाही. मी प्रोग्रामर. कंपन्या आपली गिऱ्हाइकं सांभाळायला एक मोठं सॉफ्टवेअर भाड्यानं घेतात. ते त्यांच्या कॉम्प्युटरवर नसतं, इंटरनेटवर कुठंतरी लांब असतं. त्याला क्लाउड म्हणतात. कुणी चौकशी केली, कुणाला फोन करायचा राहिलाय, कुणी घेतलं, कुणी नको म्हटलं, हे सगळं त्यात राहतं. त्यातली रोजची कामं माणसानं हात न लावता आपोआप व्हावीत अशी व्यवस्था मी लावून देते. परळला, जिथं एकेकाळी गिरणीचं आवार होतं तिथल्या काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. आई शेजारणींना सांगते, "आमची मुलगी ढगात काम करते." मग माझ्याकडे बघून म्हणते, "तसे पाय जमिनीवर कधी नव्हतेच म्हणा."

केंद्रात हे सॉफ्टवेअर आणलं काकूंच्या सुनेनं. ती बँकेतली नोकरी सोडून सासूच्या हाताखाली आली होती. हुशार मुलगी, पण धारेवर धरणारी. माझ्याच वयाची, म्हणजे पस्तिशी मागे टाकलेली, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून अगंतुगं. मूळ सॉफ्टवेअर विक्रीसाठी बनवलेलं. त्यात प्रत्येक व्यवहाराच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि शेवटी दोनच दारं असतात, जिंकलं किंवा हरलं. मी पायऱ्या बदलल्या. चौकशी, पत्रिका, भेट, विचार. 'जिंकलं'च्या जागी 'ठरलं' लिहिलं. 'हरलं'पाशी काकूंनी मला थांबवलं.

"हरलं कोण गं त्यात?" त्या म्हणाल्या. "तिथं 'योग नाही' असं लिही."

मी मनात म्हटलं, झालं, आता प्रत्येक शब्दाला ही बाई अशी अडणार. आणि ती अडलीच.

सुनेला डेटा स्वच्छ हवा होता. तिचं म्हणणं असं, की इतक्या वर्षांत जेवढे नकार आले त्यांतल्या बहुतेकांचं कारण एकच, 'पत्रिका जुळत नाही'. हे कसं शक्य आहे? पत्रिका तर भेटीच्या आधीच बघतात. न जुळणाऱ्यांना आपण भेटवतच नाही. "म्हणजे लोक थापा मारतात," ती म्हणाली. "थापा सिस्टिममध्ये शिरू द्यायच्या नाहीत."

मला ते मनापासून पटलं. आमच्या कामात असा एक नियम लिहिता येतो, की अमुक माहिती खोटी दिसली तर ती जतनच होत नाही, लाल अक्षरांत सूचना येते. गुण किती जुळले ते भेटीच्या नोंदीत आधीच होतं. मी नियम लिहिला: गुण पुरेसे जुळले असतील आणि तरी कुणी फोनवरून नकार देताना 'पत्रिका' हे कारण निवडलं, तर पडद्यावर येईल, 'पत्रिका जुळते. कृपया दुसरे कारण निवडा.' आणि जे कारण लिहिलं जाईल ते समोरच्या घरालाही जाईल. काय सुरेख चालला तो नियम. चाचणीत एकदाही अडखळला नाही.

पंधरवडाही गेला नसेल, काकूंचा फोन खणखणायला लागला. लोकांनी दुसरी कारणं निवडली होती. मुलगी सावळी वाटली. मुलाचे केस विरळ आहेत. वडिलांचा पाय गेलाय, उद्या कोण बघणार. घरात येताना जिना अंधारा होता. घोडपदेवच्या एका आईनं फोनवर नुसतं रडून घेतलं आणि न बोलता ठेवून दिला. काकूंनी मला बोलावून समोर बसवलं. आवाज चढवला नाही, तेच जड गेलं.

"तुला वाटतं लोकांना माहीत नसतं?" त्या म्हणाल्या. "सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. अगं, पत्रिकेवर ढकललं की कुणाच्या मुलीत काही कमी राहत नाही. नाव जातं ग्रहांचं. त्यांना काय फरक पडतो?"

"पण ते खोटं आहे, काकू."

"आहेच. म्हणून तर वापरायचं."

मी वाद घातला. मी घालतेच. खरं कळलं तर माणूस सुधारतो, वगैरे मी बरंच बोलले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जिना अंधारा आहे म्हणून नकार आला, तर ती पोरगी काय सुधारणार?" मी तिथंच बसून नियम काढून टाकला. आता कारण फक्त काकूंच्या पडद्यावर दिसणार होतं आणि समोरच्या घरी एकच मेसेज जाणार होता, सगळ्यांना सारखा.

त्याच दिवशी त्यांनी मला ते मुरवण्याचं सांगितलं. लगेच आलेला नकार म्हणजे विचारसुद्धा केला नाही, असं वाटतं. चार दिवस गेले की वाटतं, घरात बोलणं झालं असेल, कुणीतरी आपली बाजू घेतली असेल. शनिवार-रविवारी पाठवायचा नाही, घरी बसून माणूस तेच तेच उगाळत राहतो. मंगळवारी नाही, आयांचे उपास असतात. संध्याकाळी तर नाहीच. सकाळी अकराच्या सुमाराला, मुलगी ऑफिसात असताना, आजूबाजूला चार माणसं आणि चहा असताना.

हे सगळं मी बांधलं. आमच्या व्यवस्थेत एक पायरी असते, जिथं काम मधेच थांबवून ठेवता येतं आणि ठरल्या वेळी ते आपलं आपण पुढं सरकतं. होकाराला मी सरळ वाट दिली, दाबलं बटण की गेला मेसेज. नकाराच्या वाटेवर ती थांबायची पायरी घातली, पुढं वारांची चाळण लावली.

"आणि ती त्या वेळी एकटी आहे की नाही, हे तुझ्या मशीनला कळेल?" काकूंनी विचारलं.

"नाही कळणार."

"बरं. ते मी बघीन."

मेसेजचा मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिला. मी लिहिलं, 'पत्रिकेचा योग जुळून येत नाही.' काकू म्हणाल्या, पुढं लिही, 'आपली भेट झाली याचे समाधान आहे.' मी म्हटलं, कशाला, मेसेज छोटा बरा, आणि हे दुसरं वाक्य कुणी वाचतसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे गं." मी राहू दिलं, पण तोंड वाकडं करूनच.

यानंतर कधीतरी आईनं माझं नाव तिथं घातलं. मला न विचारता नाही, विचारूनच, पण मी टीव्ही बघत असताना विचारलं. बाबा गेल्यापासून प्रभादेवीच्या त्या घरात आम्ही दोघीच. आई महापालिकेतून रिटायर झालेली, अख्खा जन्म टायपिंग आणि फायली यांत गेलेला, त्यामुळे एकदा हातात घेतलेलं काम ती सोडत नाही. सुनेनं काळजीनं विचारलं, की हिचंच प्रोफाइल आणि हिच्याच हातात सगळ्या किल्ल्या, हे कसं? काकू म्हणाल्या, "ती बघणार नाही." मला इतका राग आला. माझ्या वतीनं असं परस्पर कुणी कसं सांगू शकतं? पण त्या एका वाक्यामुळे पुढं मला खरंच बघता आलं नाही.

दोन-तीन स्थळं पत्रिकेपर्यंतच आली नि गेली. त्यांचं मला काही वाटलं नाही. मग काकूंनी गिरगावातलं एक स्थळ काढलं. शाळेत चित्रकला शिकवणारा, माझ्याहून वर्षभरानं मोठा, काका-काकूंजवळ वाढलेला. आई पत्रिका घेऊन भोईवाड्यातल्या गुरुजींकडे गेली. बाबांची पत्रिकासुद्धा त्यांनीच बघितलेली, आईचा त्यांच्यावर भारी विश्वास. परत आली ती पेढे घेऊन. "गुरुजी म्हणाले, असा मेळ वर्षात एखादाच हाती येतो," ती म्हणाली आणि पेढा माझ्या तोंडात कोंबला. मी म्हटलं, अजून माणूस बघितलेला नाही, पेढे कसले वाटतेस?

त्या गोल टेबलाशी, शेवंतीच्या वासात, मी पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून बसले. तो आला, बसला आणि म्हणाला, "तुम्ही नेमकं काय काम करता ते मला कळलेलं नाही, आणि मला समजून घ्यायचंय." लोक हे विचारतात आणि मी दुसऱ्या वाक्याला पोचेपर्यंत त्यांची नजर पंख्याकडे जाते. याची गेली नाही. पोहे संपले तरी आमचं संपेना, म्हणून काकूंनीच आम्हाला शिवाजी पार्कात पिटाळलं. कट्ट्यावर बसून मी त्याला सांगितलं, की एक गोष्ट घडली की तिच्या पाठोपाठ दुसरी आपोआप घडते. पहिलीला आम्ही ट्रिगर म्हणतो.

"आमच्याकडे पाणी आलं की," तो म्हणाला, "आधी वरच्या मजल्यावर बादली सरकते. मग काकूचा रेडिओ बंद होतो. मग काका 'आलं, आलं' म्हणतात. रोज याच क्रमानं."

"मग पाणी हा ट्रिगर."

"आणि एखाद्या दिवशी पाणी आलंच नाही तर?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. आमच्या धंद्यातला हा खरा अवघड प्रश्न, आणि तो नव्या पोरांना वर्षवर्ष सुचत नाही. मी सांगितलं, न घडलेल्या गोष्टीला ट्रिगर नसतो. काहीतरी घडलं तरच यंत्र जागं होतं. जे घडलंच नाही ते पकडायचं, तर रोज ठरल्या वेळी उठून बघणारं एक वेगळं काम लावावं लागतं. ते येतं, सगळीकडे नजर टाकतं, काय राहिलंय ते शोधतं आणि परत झोपतं.

"बिच्चारं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्ही बोलताना हात फार हलवता. तुमचं चित्र काढायचं म्हणजे अवघड जाणार."

बस. एवढंच. पण घरी येताना मी रस्ता चुकले. जन्म गेला त्या गल्ल्यांत, आणि मी दोन वेळा भलत्याच वळणावर वळले. मला तो आवडला होता. इतकं सरळ मला या वयात कुणी आवडेल असं वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनवरून होकार दिला आणि मग त्याच्या उत्तराची वाट बघायला लागले. हे वाट बघणं बाकीच्या मुलींसारखं नव्हतं. होकार लगेच येतो आणि नकार थांबून येतो, हे मलाच तर ठाऊक होतं, मीच ते बांधलं होतं. तो दिवस गेला, मेसेज आला नाही. याचे अर्थ दोनच. एक तर त्यानं अजून काही ठरवलं नव्हतं. नाहीतर त्यानं ठरवलं होतं आणि ते उत्तर माझ्या थांबायच्या पायरीवर बसलं होतं, कुणालाही न दिसणारं. बाहेरून दोन्ही अगदी एकसारखी दिसतात. थांबलेल्या कामांची एक यादी असते. तीन वेळा क्लिक केलं की उघडते. मी ती उघडली नाही. हात जायचा आणि मला काकूंचं ते तीन शब्दांचं वाक्य आठवायचं.

आणि गंमत म्हणजे ते दिवस सुंदर गेले. खोटं का बोलू, इतके सुंदर दिवस माझ्या वाट्याला फार आलेले नाहीत. थंडी नुकती शिरू बघत होती. सकाळी गॅलरीत चहा घेताना गल्लीतला प्रत्येक आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा यायचा. पाण्याची मोटर सुरू व्हायची, खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवायचं आणि मी एकटीच हसायचे. आई विचारायची, काय झालं? मी म्हणायचे, पाणी आलं.

ऑफिसात मी चाचण्यांमध्ये रमले. आम्ही लिहिलेलं काही खऱ्या माणसांवर सोडण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि त्यासाठी खोटी माणसं बनवावी लागतात. चाचणी सुरू झाली की ती जन्माला येतात. त्यांना पत्ता असतो, वय असतं. चाचणी संपली की सॉफ्टवेअर त्यांना पुसून टाकतं, मागे काहीसुद्धा उरत नाही. एका दुपारी मी एक चाचणी-वधू केली, प्रभादेवीची. एक चाचणी-वर केला, गिरगावचा. दोघांकडून होकार घातला आणि चालवून बघितलं. हिरवी खूण आली. 'ठरलं.' मेसेज गेला, कुठंही न पोचणारा. डोळ्याचं पातं लवलं नसेल, तेवढ्यात दोघंही नाहीशी झाली. मी ते परत चालवलं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "अगं, हे तर कालच पास झालं होतं ना?" मी म्हटलं, "खात्री करतेय."

एका दुपारी सुट्टी टाकून मी भुयारी मेट्रोनं गिरगावात गेले. काम काही नव्हतं. त्या थंड, पांढऱ्या बोगद्यातून सरकत्या जिन्यानं वर आले आणि एकदम ऊन, तळणीचा वास, पिठाच्या गिरणीची घरघर. मी नुसती चालत राहिले. एका वाडीत लाकडी कठड्यांवर चादरी वाळत होत्या. एका गॅलरीत रेडिओ चालू होता. त्याचं घर ते नसणार. गिरगावात रेडिओ ऐकणाऱ्या काकू काय एकच आहेत? तरी मी त्या गॅलरीखाली उभी राहिले, तो बंद होतो का बघायला. बंद झाला नाही. मी भाकरीचं पीठ घेऊन घरी आले, कारण समोरचा गिरणीवाला बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

रविवारी दुपारी झोपेत मला ती थांबायची पायरी दिसली. एक लांबलचक पांढरा बाक होता. त्यावर खूप माणसं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर पोह्यांची बशी. कुणीच खात नव्हतं. घाईही कुणाला नव्हती. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचं काय?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिनं सरकून मला नीट जागा करून दिली. जागी झाले तेव्हा खिडकीच्या पडद्यावर ऊन हलत होतं आणि आई स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. मला त्या बाकावरून उठायचं नव्हतं.

त्या आठवड्यात मी केंद्रात दोनदा गेले. काकूंच्या चेहऱ्यावर काही सापडतं का बघितलं. कुठलं सापडतंय. इतकी वर्षं शेकडो घरांची उत्तरं पोटात ठेवलेला चेहरा तो. त्यांनी मला चकली दिली, रिपोर्टमधला रंग आवडला नाही म्हणून तक्रार केली, आणि मी निघताना म्हणाल्या, "बारीक झालीस गं." हे त्या सगळ्यांनाच म्हणतात, असं मी स्वतःला जिना उतरताना बजावलं.

मंगळवारी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सिद्धिविनायकाची रांग आलेली असते. आईचा उपास होता. काहीच आलं नाही. मी म्हटलं, मंगळवारी जातच नाही, मीच लावलंय.

बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला. "अकराच्या आत इकडे येशील का? एक काम अडलंय."

"काय अडलंय?"

"ये तर खरी. चहाला आधण ठेवते."

मी ऑफिसात सांगितलं आणि निघाले. परळहून टॅक्सीनं दादर गाठेपर्यंत मी डोक्यात अडलेलं काम शोधत होते. रिपोर्ट बिघडला असेल, सुनेनं भलतंच काहीतरी दाबलं असेल. फुलबाजारात त्या दिवशी झेंडू ओसंडून वाहत होता. जिन्याच्या मधल्या वळणावर, अर्ध्यात, मला कळलं. काकू काम अडलं की सुनेला फोन करायला लावतात. स्वतः कधी करत नाहीत.

मी तिथं थोडा वेळ उभी राहिले. खाली जाऊ शकले असते. मग चहाचा वास आला आणि मी वर गेले.

बाहेरच्या खोलीत सून होती, तिनं माझ्याकडे बघून नजर चटकन खाली घेतली. काकू आत होत्या, गोल टेबलाशी. दोन कप, बशीत खारी. मी त्यांच्यासमोर बसले, त्या दिवशी तो बसला होता त्या खुर्चीवर. काम काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्या फुलांचे भाव कसे चढलेत ते सांगत होत्या आणि मी 'हो का' म्हणत होते. मग टेबलावरचा माझा फोन थरथरला.

'पत्रिकेचा योग जुळून येत नाही. आपली भेट झाली याचे समाधान आहे.'

पहिल्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. मी ते लिहिलं होतं, कितीदा तरी तपासलं होतं, पूर्णविरामासकट पाठ होतं. दुसऱ्या वाक्यापाशी माझे डोळे भरून आले. सगळ्यांना हेच जातं, हे मला ठाऊक होतं. काकूंनी माझ्याशी वाद घालून ते ठेवायला लावलं होतं, हेही ठाऊक होतं. तरीसुद्धा कट्ट्यावरचा तो, 'बिच्चारं' म्हणणारा, तोच हे म्हणतोय असं वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. खरं कारण पलीकडच्या खोलीत काकूंच्या पडद्यावर होतं. मी ते कधीच विचारलं नाही.

काकूंनी कप माझ्याजवळ सरकवला. त्यांनी माझा हात धरला नाही, काही समजावलं नाही. नुसत्या समोर बसून राहिल्या.

"दुसरं वाक्य ठेवलं ते बरं झालं," मी म्हटलं.

"चहा घे," त्या म्हणाल्या. "निवतोय."

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती, त्याच गिरगावातून आणलेल्या पिठाच्या. तिच्या फोनवरही तो मेसेज गेलेला, घरच्यांनाही जातो. मी हातपाय धुऊन पाटावर बसले. ती माझ्याकडे पाठ करून होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, परत उलटली, गरज नसताना आणखी एकदा उलटली.

"पत्रिका नाही ना जुळली," ती म्हणाली.

"नाही जुळली."

भोईवाड्याहून पेढे घेऊन आलेली माझी आई. गुण किती, नाडी कोणती, सगळं तिला तोंडपाठ होतं. भाकरी माझ्या ताटात टाकत ती म्हणाली, "गुरुजींचंच चुकलं असेल गं. वय झालंय त्यांचं. डोळ्यांनी धड दिसत नाही."

"हो," मी म्हटलं, "वय झालंय त्यांचं." आणि भाकरी मोडली.